बोटभर पाणी

घरातल्या समुद्री माशांच्या टाकीच्या काचेवर डाव्या कोपऱ्यात मी मार्करनं एक आडवी रेघ मारून ठेवली आहे. दुपारची कामं आटोपली की मी तिच्यासमोर जाऊन उभी राहते. पाणी रेघेच्या बोटभर खाली गेलेलं असतं. कुठं गळलेलं नसतं, फरशी कोरडी असते, तरी गेलेलं असतं. रोज तीनेक लिटर. मग मी स्टुलावर चढून मगानं गोडं पाणी भरते. घरात या कामाला 'तांब्या ओतणं' म्हणतात, पण तांब्यापितळेचं काहीही त्या टाकीजवळ न्यायला बंदी आहे. पाण्यात तांब्याचा अंश उतरला तर माशांचं एक वेळ निभावतं, कोळंबी आणि गोगलगाई मात्र हमखास जातात.

आज दुसरा मग ओतताना मधल्या दगडाच्या आडून एक शंख बाहेर येताना दिसला. टोकाचा टवका उडालेला, कडेला गुलाबी डाग. आमची सातवी गोगलगाय. तीन आठवडे बेपत्ता होती. मी मग तसाच धरून उभी राहिले.

मी मोजते, हे आधी सांगून टाकलेलं बरं. रात्री दिवे मालवायच्या आधी टाकीसमोर उभं राहून मी हजेरी घेते. दोन क्लाउनफिश, एक गोबी मासा, दोन कोळंब्या, परक्या शंखात राहणारे चार हर्मिट खेकडे, सात गोगलगाई. एखादी गोगलगाय काचेवरून सुटून वाळूत उताणी पडलेली असते. काही जातींना स्वतःहून पालथं होता येत नाही; तशीच पडून राहिली तर सकाळपर्यंत तिचं काही खरं नाही. मग रात्री साडेअकराला बाही वर करून कोपरापर्यंत हात घालायचा, तिला सरळ करायचं, हात धुवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. नवरा म्हणतो, दाराची कडी लावली का ते तू एवढ्यांदा बघत नाहीस.

गोडं पाणी का, असं बघणारा प्रत्येक जण विचारतो. समुद्राची टाकी ना? विचारणाऱ्याला हसायची माझी टाप नाही, कारण सुरुवातीला मीही खारंच पाणी भरत होते. पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, हे शाळेत शिकलेलं होतं, मिठागरांचा धडा तोंडपाठ होता. पण ते ज्ञान पुस्तकात राहिलं आणि मी दहा-बारा दिवस नेमानं लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ कालवून ओतत राहिले. मग एक दिवस टाकीतलं पहिलंवहिलं मऊ प्रवाळ मूठ आवळल्यासारखं मिटलं. रिफ्रॅक्टोमीटर आणला, पाण्याचा खारटपणा मोजायची दुर्बिणीसारखी नळी. तिच्या टोकाच्या काचेवर एक थेंब टाकायचा, झडप लावायची, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत निळा आणि पांढरा जिथं मिळतात तो आकडा. हवा होता १.०२५, आला १.०३१. आता टाकीच्या काठावर जमणारा मिठाचा पांढरा खर मी नखानं खरवडते, तेव्हा प्रत्येक वेळी तो आकडा आठवतो.

त्याच्याही आधीचे पाच आठवडे टाकीत नुसते दगड होते. दगड, वाळू, खारं पाणी आणि घरघरणारा पंप. दगडांच्या भोकाभोकांत जिवाणू वस्ती करेपर्यंत मासा सोडायचा नसतो. काही जिवाणू घाणीतून होणाऱ्या विषारी अमोनियाचा नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचा नायट्रेट करतात, आणि ही रांग पुरती उभी राहायला महिना-दीड महिना सहज जातो. तोवर दर दोन दिवसांनी काचेच्या नळीत थेंब टाकून रंग बघायचा. हिरवा म्हणजे अमोनिया आहे, पिवळा म्हणजे गेला. त्या काळात मामा आले होते.

"अगं, मासे कुठायत?"

"यायचेत अजून."

"मग हे काय ठेवलंयस?"

"दगड."

मामांनी खुर्ची ओढली आणि बराच वेळ दगडांकडे बघितलं. "बरे आहेत," म्हणाले.

खरं सांगायचं तर मला ते दिवस आवडले होते. कुणी मरायची भीती नव्हती. मग सगळ्यावर तपकिरी साय चढली, ती गेली तर हिरवी केसाळ शेवाळं आली, ती जुन्या टूथब्रशला गुंडाळून ओढून काढण्यात दोन महिने गेले. त्याबद्दल अधिक बोलण्यासारखं काही नाही. ज्यांनी टाकी ठेवली आहे त्यांच्याकडेही तसाच एक टूथब्रश असेल.

काय आणायचं याची यादी मी आधीच करून ठेवली होती, आणि पुढचं वर्षभर तिच्यातली एकेक ओळ खोडत बसले. मँडरिन मासा सगळ्यात आधी खोडला. अंगावर कुणीतरी बसून रंगवल्यासारखी निळी-केशरी नक्षी असते. पण तो दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव, टिपत फिरतो, आणि माझ्या दीडशे लिटरमधले कोपेपॉड संपवायला त्याला काही आठवडे पुरतात. बाहेरचं खाणं तो बहुतेक वेळा तोंडातही घेत नाही. मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हळूहळू वाळत जातो. निळा टँग, ज्याच्यासाठी प्रत्येक मूल काचेला नाक लावतं, तो वाढून फूटभर होतो आणि त्याला पोहायला लांबच लांब पाणी लागतं. तोही खोडला. उरले ते एवढेच, आणि तेही एकेक करून, मध्ये महिना-महिना सोडून आणले. जिवाणूंनाही नव्या तोंडाची सवय व्हावी लागते.

क्लाउनफिशच्या जोडीत मोठी असते ती मादी. जन्मतः हे सगळे नरच. थोरला असतो तो मादी होतो, आणि ती गेली की तिच्या जोडीचा नर मादी होतो. हे ऐकून मुलीनं विचारलं, "मग त्याला आधीचं आठवत असेल का?" मी तिला मीठ ढवळायला बसवलं.

गोबीची गोष्ट वेगळी. त्याची एका पिस्तूल कोळंबीशी भागी आहे. कोळंबीला जवळजवळ दिसत नाही. ती दिवसभर दगडाखाली बीळ खणते, बुलडोझरसारखी वाळू पुढे ढकलत बाहेर आणून टाकते, परत आत जाते. गोबी दारात बसून बघतो. बाहेर असताना तिची एक मिशी सतत त्याच्या अंगाला टेकलेली असते. काही धोका दिसला की तो शेपूट थरथरवतो आणि ती आत सटकते. नवऱ्याचं म्हणणं, आमच्या घरात गोबी तो आहे. यावर माझं काही दुमत नाही. खणतं कोण, एवढंच मी विचारते.

दुसरी कोळंबी सफाईवाली. लाल पाठीवर मधोमध पांढरा पट्टा, आणि टाकीत हात घातला की येऊन नखांच्या कडा कुरतडणारी. एकदा सकाळी ती वाळूत आडवी पडलेली दिसली, पांढरीफटक. चिमट्यानं बाहेर काढून तळव्यावर घेतली तर वजनच लागेना. पाय, मिशा, डोळ्यांवरच्या टोप्यासुद्धा जागच्या जागी, आणि आत कुणी नाही. संध्याकाळी बाईसाहेब दगडामागून नव्याकोऱ्या होऊन बाहेर आल्या. कात टाकली होती. ती कात अजून एका डबीत कापसावर ठेवलेली आहे. तेव्हापासून मी कुणालाही मेलेलं म्हणायची घाई करत नाही. गोगलगाय दिसेनाशी झाली तेव्हाही केली नाही.

आठ वर्षांची असताना मी समुद्रावरून एक शंख आणला होता. बरणीत, समुद्राच्या पाण्यासकट, कारण त्यात कुणीतरी होतं. घरी येईपर्यंत बरणी मांडीवर होती आणि तो मधूनमधून पाय बाहेर काढून काचेवर टकटक करत होता. बरणी खिडकीत ठेवली. दुसऱ्या दिवशी पाणी किंचित उतरलं. पाणी कमी झालं म्हणजे समुद्र कमी झाला, आणि समुद्र म्हणजे मीठ, एवढा हिशेब मला येत होता. मी कपभर पाण्यात चमचाभर मीठ विरघळवून वरून ओतलं. बोटानं चाखूनही बघितलं, बरोबर लागत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी शंख एका बाजूला होता आणि तो दुसऱ्या बाजूला, बाहेर. खेकड्याचा मागचा भाग इतका मऊ, वळलेला आणि उघडा असतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. आजी नाकाला पदर लावून म्हणाली, "आधी ते बाहेर टाक." बाबा काही बोलले नाहीत. शंख धुऊन त्यांनी माझ्या कंपासपेटीत ठेवला.

मीठ घातलं नसतं तरी तो जगला नसता. बरणीतल्या न हलणाऱ्या पाण्यात हवा किती असणार? हे मोठ्यांनाही फार उशिरा उमगलेलं आहे. १८४६ मध्ये अ‍ॅना थिन नावाच्या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ उचलून लंडनला घरी नेली. लंडनला रोज ताजं समुद्राचं पाणी कुठून आणणार? तेव्हा तेच पाणी उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात, असं अर्धा-पाऊण तास ओतत राहायचं, म्हणजे त्यात हवा मिसळेल, अशी युक्ती त्यांनी काढली. ओतायचं काम घरातल्या कामवाल्या पोरीचं. तिला त्यात गंमत वाटायची, असं बाईंनी लिहून ठेवलं आहे. प्रवाळ जगली. पुढे त्या पाण्यात समुद्री वनस्पतीही आल्या, आणि १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. मला मात्र त्या पोरीच्या खांद्यांची काळजी वाटते. गंमत पहिले दोन दिवस वाटली असेल.

हे मी खांद्यांच्या अनुभवावरून म्हणते. तीन आठवड्यांपूर्वी रात्री दीडला मला जाग आली ती आवाज थांबल्यामुळे. पंपाची घरघर ऐकू येते हे ती थांबल्यावरच कळतं. वीज गेली होती. बॅटरीवरचा हवेचा पंप होता, सेल मेलेले होते. रात्री प्रवाळही श्वास घेतात, दिवसा त्यांच्या पोटातली शैवालं प्राणवायू सोडतात तशी रात्री सोडत नाहीत, आणि सगळ्यांनी मिळून दीडशे लिटरमधला प्राणवायू ओढायला फार वेळ लागत नाही. तासाभरात क्लाउनफिश पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंड उघडबंद करायला लागले. मी मग घेतला, टाकीतलंच पाणी भरून हातभर उंचीवरून परत टाकीत ओतायला लागले. मग नवऱ्यानं घेतला. मग मुलगी उठून आली. पाळ्या लावल्या, वीस-वीस मिनिटांच्या. टॉर्चच्या उजेडात प्रवाळांचे हात बाहेर आलेले दिसत होते, बारीक, पारदर्शक, रात्रीचं काहीबाही पकडायला. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही तिघं जण फारसं बोलत नव्हतो. धार पडल्याचा आवाज तेवढा येत होता.

पाच वाजून गेल्यावर वीज आली. पंप खोकला, बुडबुडे आले. नवरा तिथंच फरशीवर बसला. मुलगी मग ठेवेना. "थोडं अजून," म्हणाली, आणि ओतत राहिली.

उजाडल्यावर मोजलं. मासे होते, कोळंब्या होत्या, खेकडे चार. गोगलगाई सहा. सगळे दगड हलवून बघता येत नाहीत, गोबीचं घर मोडतं. वाट बघायची ठरवली. पाण्यात काही सडत असलं तर अमोनिया चढेल, म्हणून नळीत थेंब टाकत राहिले. पिवळा, पिवळा, पिवळा.

उन्हाळ्यात पाण्यावर मी छोटा पंखा सोडते, म्हणून तर पाणी इतकं उडतं. पाणी उडालं की टाकी थंड राहते. नेहमीच्या उन्हाळी तापमानाहून एखादा अंश जास्त आणि तो काही आठवडे टिकला, की प्रवाळ आपल्या अंगातली शैवालं बाहेर टाकतात आणि पांढरी पडतात. खाणं तीच पुरवत असल्यामुळे मग उपासमार होते. १९९८ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये समुद्रांमध्ये हे मैलोन्‌मैल झालं. माझा पंखा दोन बोटं रुंदीचा आहे.

तर आज तो शंख. टोकाचा टवका, गुलाबी डाग, काही शंका नाही, तोच. मी मुलीला हाक मारणार होते. पण गोगलगाय अशी चालत नाही. हा थांबत होता, अडखळत होता, दगडाच्या कडेवरून घसरून पुन्हा चढत होता. काचेजवळ आला तेव्हा शंखातून निळसर पाय बाहेर आले, एक, दोन, मग सगळेच, आणि त्यानं काचेवर टकटक केलं.

त्याचा जुना शंख वाळूत सापडला, बराच लहान. अडचण होत असेल बिचाऱ्याला. गोगलगाय आधीच गेली होती की त्यानं घर रिकामं करून घेतलं, हे विचारण्यात अर्थ नाही. रेघेपर्यंत पाणी आलं आहे. रात्री मोजताना त्याला खेकड्यांत धरलं तर खेकडे चार भरतात. मुलगी म्हणते, मग गोगलगाई सात म्हण. अजून ठरलेलं नाही.