ओहोटी, गणपती आणि कांद्याची माळ

अलिबागला पोचलो तोवर ओहोटी सरत आलेली. चिरंजीवांना घोडागाडी हवी, सासूबाईंना कुलाबा किल्ल्यातला गणपती. गाडीवाला म्हणाला, "ताई, जाल गाडीनं, पण येताना होडी लागेल." गेलोच! भर समुद्रात किल्ला, आणि आत चक्क गोड्या पाण्याची पुष्करणी. सासूबाई तिथून हलेनात. परतताना होडीत चढता चढता माझी एक चप्पल समुद्रार्पण.

ह्यांचा हट्ट चुंबकीय वेधशाळेचा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं बिघडणार, म्हणून १९०४च्या सुमारास ती मुंबईतल्या कुलाब्याहून इथे आणली. आम्ही फाटकाबाहेरूनच पाहिली. तरी ह्यांचं व्याख्यान पाऊण तास.

मी अनवाणीच बाजारात गेले. आधी पांढऱ्या कांद्याच्या दोन माळा घेतल्या, मग चप्पल.