तात्या नेमके काय करायचे?

"तुमचे आजोबा नेमके काय करायचे हो?" लग्नात पंगतीला शेजारी बसलेलं माणूसही मला हे विचारतं. औशाकडचे लोक त्यांना घड्याळवाले तात्या म्हणतात, आमच्या गल्लीत ते गोळ्यावाले, आणि भजनी मंडळाच्या लेखी नुसते पखवाजवाले. ते गेले तेव्हा मृत्यूच्या नोंदीच्या फॉर्मवर 'व्यवसाय' असा रकाना होता. काका 'शेती' लिहून मोकळे झाले. तात्यांनी वखराला कधी हात लावला असेल तर तो वाटेतून बाजूला सारायला.

तुम्ही विचारलंत म्हणून, या वेळी जरा सविस्तर सांगते.

तात्यांचा जन्म १९३० सालचा, औसा तालुक्यातला. चौथीपुढची शाळा उर्दूतून झाली, कारण निजामाच्या राज्यात सरकारी नोकरी हवी तर उर्दू हवी. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला तेव्हा तात्या १८ वर्षांचे होते. ज्या भाषेच्या जोरावर पोट भरायचं ठरवलं होतं, तिचाच भाव उतरला. पण जमिनीचे कागद काही एका रात्रीत मराठी झाले नाहीत. मग तात्या पत्र्याची पेटी घेऊन तहसीलसमोर लिंबाखाली अर्ज लिहायला बसले. उर्दू वाचून मराठीत सांगायचं, मराठीत ऐकून अर्ज लिहायचा. मजुरी कुणी हालीत, म्हणजे निजामाच्या रुपयात देई, कुणी कलदारात, म्हणजे इंग्रजी रुपयात. हाली ७ म्हणजे कलदार ६, हा हिशोब शेवटपर्यंत त्यांच्या जिभेवर होता.

फसली सालाचा तर त्यांना छंदच होता. निजामाच्या कागदांवरचं हे वर्ष ऑक्टोबरात, आझूर महिन्याने सुरू व्हायचं. त्यामुळे इंग्रजी साल काढायला डिसेंबरपर्यंतच्या तारखेला ५९० मिळवायचे आणि जानेवारीपासून ५९१. खुर्दाद १३४२ म्हणजे एप्रिल १९३३. मी पाढे पाठ करायच्या वयात हे पाठ केलं, उर्दू आकड्यांसकट. अक्षरं मात्र शिकले नाही. "काय उपयोग?" असं मीच म्हणाले होते. तात्यांनी आग्रह केला नाही, पाटी पुसून ठेवली.

पुढे ते बार्शी लाईटवर, म्हणजे त्या अडीच फुटी रुळांच्या गाडीवर, तिकीट द्यायला लागले. १९५४ ला ही कंपनी सरकारने घेतली, म्हणजे नोकरी पक्की, पेन्शन पक्की. तात्यांनी ती दोन वर्षांत सोडली. का, तर "रोज तेच गाव, तीच खिडकी." गावात त्यांना धरसोड्या म्हणत. मला वाटतं, ते अर्धंच खरं. उर्दूने त्यांना सोडलं. रेल्वे त्यांनी सोडली. या दुसऱ्या अर्ध्याची किंमत आजीने मोजली. दोन म्हशी, पहाटे चारला उठणं, दुधाचं रतीब. तात्यांचं कौतुक करणाऱ्यांपैकी कुणीही तिच्या म्हशींबद्दल विचारत नाही.

मधली वर्षं भराभर सांगते. एका शाळेत हिंदी शिकवलं. तिथे सही पूर्ण पगारावर घ्यायचे आणि हातात अर्धा ठेवायचे, ते तात्यांना सोसलं नाही. होमिओपॅथीच्या गोळ्या दिल्या, फुकट. १९७२ च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर मस्टर लिहिलं. मिलोची, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी त्या वर्षानंतर त्यांनी ताटात येऊ दिली नाही.

पण मी त्यांना खरं पाहिलं ते घड्याळांपाशी. बशीत थोडं पेट्रोल, त्यात सुटी केलेली चाकं, उजव्या डोळ्यात भिंग दाबून धरलेलं. श्वास रोखायचे, कारण केसाएवढी कमान फुंकरीनेही उडते. आम्ही पोरं दारात दिसलो की हात न हलवता म्हणायचे, "उंबऱ्याच्या आत येऊ नका, काय पडलं तर तुमच्या बापाला मिळायचं नाही." एकदा पडलंच. एक चिमुकला स्क्रू. तीन तास सगळं घर गुडघ्यावर होतं. शेवटी आजीला तो सारवलेल्या जमिनीत, शेणाच्या पोपड्यात सापडला. "तुमचा पेन्शन," असं म्हणून तिने तो त्यांच्या तळहातावर ठेवला. तात्या इतके हसले की भिंग डोळ्यातून निसटलं.

सेलची घड्याळं आली, तीही बिघडली की लोक फेकून द्यायला लागले. तात्यांनी पेटी बंद केली. १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ती पुन्हा निघाली, अर्ज लिहायला. पत्र्याच्या शेडमध्ये बसून ६३ वर्षांचा हा माणूस महिनोन् महिने लोकांच्या घरांच्या, जनावरांच्या, मेलेल्या माणसांच्या याद्या लिहीत होता. त्याबद्दल घरी कधी बोलले नाहीत, म्हणून मीही जास्त लिहीत नाही.

२०२३ च्या हिवाळ्यात मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला लोक निजामाच्या काळातले कागद धुंडाळायला लागले. तेव्हा आमच्या दारावर थापा पडायच्या. हातात मोबाईल, त्यात पिवळ्या कागदाचा फोटो. "तात्यांच्या घरी कुणाला वाचता येतं का?"

मी फोटो मोठा करते. आकडे लागतात. ५९१ मिळवते आणि साल सांगते. लोक थांबतात, पुढचं मी वाचीन म्हणून. मग मी त्यांना लातूरच्या एका मौलवीसाहेबांचा पत्ता देते; तिथे सकाळी सातपासून रांग असते.