कान्हेरीची पायी वारी आणि वाटेवरची माकडं

महाशिवरात्रीला बोरिवलीच्या नॅशनल पार्कातून कान्हेरीपर्यंत चालत जायचं, याला आमच्या मंडळात कान्हेरीची वारीच म्हणतात. पालखी नाही, रिंगण नाही. कपाळाला गंध लावलं, खांद्याला पिशवी अडकवली की निघाली मंडळी. मुख्य गेटपासून लेण्यांच्या पायथ्यापर्यंत सहा-सात किलोमीटर डांबरी रस्ता आहे. पोरंबाळं आणि म्हातारी माणसं धरून दोन-अडीच तास लागतात. कान्हेरी ही मुळात बौद्ध लेणी, शंभराहून जास्त, तरी त्या दिवशी बेस्टला जादा गाड्या सोडाव्या लागतात इतकी गर्दी लोटते. शेवटचा चढ सोडला तर रस्त्याचा त्रास असा काही नाही. त्रास होतो तो हातातल्या फराळाचा, कारण वाटेवर माकडांचे कळप बसलेले असतात.

म्हणून निघण्याआधी गेटबाहेरच पिशव्या उघडून बघतो. साबुदाण्याची खिचडी, उकडलेली रताळी, राजगिऱ्याचे लाडू हे सगळं क्लिपच्या स्टीलच्या डब्यात, डबा कापडी पिशवीत आणि पिशवी पाठीवरच्या सॅकमध्ये. अभिषेकाचं दूध फिरकीच्या झाकणाच्या बरणीत. दुधाची पिशवी तशीच हातात घेतली तर ती फुटणारच. केळी सालासकट डब्यात मावत नाहीत, म्हणून लोक ती हातात धरतात आणि तिथेच फसतात. आमच्याकडे केळी गेटवरच खाऊन संपवायची असा दंडक आहे. बेल आणि धोत्र्याकडे माकडं सहसा ढुंकून पाहत नाहीत, ते टोपलीत चालतं. नारळ मात्र आतच. सॅकच्या चेनचे दोन्ही दांडे एकत्र आणून त्यात सेफ्टी पिन अडकवायची. हा उपाय कुणाला पोरकट वाटतो. पण माकड एका हातानं सॅक दाबून धरतं आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी, नाहीतर दातांनी चेन सरकवतं, हे एकदा बघितलं की पिन मागून घेतात.

प्लॅस्टिकची पिशवी तर नकोच. तिची सळसळ ऐकली की झाडावरचं माकडसुद्धा खाली येतं, आत नुसता टॉवेल असला तरी. रंगीत सरबताची बाटली हातात दिसली की तेच. पाणी स्टीलच्या बाटलीत, बाटली सॅकमध्ये. हात मोकळे ठेवून, दोन्ही पंजे दिसतील असं चालणाऱ्या माणसाच्या वाटेला माकड फारसं जात नाही.

वाटेवर दिसतात ती बहुतेक लाल तोंडाची माकडं. डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस आणि अंगाहून लांब शेपूट असलेलं, ते आपल्याकडचं. जगात ते फक्त भारताच्या द्वीपकल्पात आढळतं. शेपूट आखूड आणि पाठीमागचा भाग तांबूस दिसला तर ते उत्तरेकडचं ऱ्हीसस. पार्कात दोन्ही आहेत. काळ्या तोंडाचं, लांब हातापायांचं ते वानर. त्याचा जीव पानांत जास्त रमतो. भांगवाल्या, लांब शेपटीच्या माकडाचं पीक आलंय असं मुंबईत बसून वाटतं, पण धोक्यातल्या प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत ते आता ‘असुरक्षित’ गटात आहे. हमरस्त्यांच्या रुंदीकरणात जुने वड-पिंपळ गेले, उत्तरेकडून ऱ्हीसस खाली सरकत आलं आणि शेतकरी तर त्याच्यावर वैतागलेलाच आहे.

महाशिवरात्र पडते ती नेमकी विणीच्या दिवसांत. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बहुतेक पिल्लं जन्मतात. पोटाला चिकटलेलं काळपट केसांचं, गुलाबी कानांचं पिल्लू घेऊन मादी रस्ता ओलांडत असते आणि तिच्या पुढेमागे कळपातल्या बाकीच्या माद्या असतात. अशा वेळी सगळ्यांनी थांबायचं, टाळ आणि मोबाईलवरची भजनं बंद. पिल्लाचा फोटो काढायला कुणी गुडघ्यावर बसलं की माणसाचा चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर येतो आणि नजरेला नजर भिडते. माकडांच्या व्यवहारात रोखून बघणं ही धमकी आहे. भुवया वर चढवून, कान मागे घेऊन, तोंडाचा आ करून ती बघायला लागली, तर नजर खाली करून दोन पावलं तिरकं सरकायचं. पाठ फिरवून पळायचं नाही.

दात दाखवण्यात लोक सगळ्यात जास्त फसतात. ओठ मागे ओढून दातांच्या दोन्ही रांगा दाखवणारं माकड हसत नसतं, घाबरलेलं असतं. ‘बघ कसा हसतोय’ म्हणत बाप पोराला उचलून आणखी जवळ नेतो. घाबरलेल्या जनावराला मागे जायला जागा उरली नाही की ते चावतं.

माकडांना उपाशी समजून खायला घालणारे खूप. शनिवारी चणे-केळी घेऊन येणारे वेगळेच, त्यांना मारुतीरायाची शपथ. पण या दिवसांत जंगलात खायला भरपूर असतं. काटेसावर फुललेली असते, उंबर लागलेले असतात, कोवळी पानं, किडे, कोळी आहेतच. फळांच्या झाडावर बसून गालाच्या पिशव्या भरून घ्यायच्या, मग दुसऱ्या झाडावर निवांत जाऊन हाताच्या मागच्या बाजूनं गाल दाबत एकेक फळ तोंडात आणायचं आणि बिया थुंकत बसायचं, हा त्यांचा दिवस. त्यातूनच जंगलात बिया पसरतात. रस्त्यावर डझनभर केळी पडली की कळपातला दांडगा नर तिथेच ठाण मांडतो, कमकुवत माद्या आणि पोरं चपराक खातात आणि सगळा कळप गाड्यांच्या वाटेत येऊन बसतो. उष्ट्यातून माणसाचे रोगही त्यांच्याकडे जातात. राष्ट्रीय उद्यानात वन्य प्राण्याला छेडणं आणि कचरा टाकणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, शिवाय खायला घालू नका अशा पाट्याही आहेत. त्या पाटीखालीच केळ्याची सालं दिसतात. माकडं पकडून लांब नेऊन सोडा, अशी मागणीही दरवर्षी ऐकू येते. एक कळप उचलला की ती जागा दुसरा कळप घेतो, कारण त्याला बोलावणारं खाणं तिथेच असतं.

लेण्यांच्या पायऱ्यांशी पाड्यांवरच्या बाया बोरं, चिंचा, काकड्या, मीठ-तिखट लावलेल्या कैऱ्या विकतात. जवळ काठी, टोपलीवर फडकं आणि एक डोळा कायम झाडावर; माकडांबद्दल शिकायचं तर यांच्याकडून. त्या काठी जमिनीवर आपटतात, मारत नाहीत. दगड तर कुणीच मारू नये, कारण दगड लागलेलं माकड पुढच्या माणसावर राग काढतं. कैरी घ्यायचीच तर तिथेच टोपलीशी उभं राहून संपवायची. द्रोण हातात घेऊन पायऱ्या चढायला लागलेला माणूस दहाव्या पायरीच्या आत रिकाम्या हाताचा होतो, हे कोणत्याही सुट्टीच्या दिवशी बघून घ्या.

पिशवीला माकडानं हात घातलाच तर सोडून द्यायची. चावे होतात ते बहुधा या ओढाताणीत. चष्मा किंवा मोबाईल नेला तर मागे धावू नका, आरडाओरडा नको. खाण्याची वस्तू नाही हे कळलं की बऱ्याचदा ते टाकून देतं. मोबाईलच्या बदल्यात केळं देऊन सोडवणूक करणारे स्वतःची वस्तू मिळवतात आणि पुढच्या शंभरांच्या मोबाईलवर बोली लावून जातात.

चावलं किंवा ओरखडलं तर आधी साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. आमच्यापैकी एकाच्या सॅकमध्ये साबणाची वडी आणि दोन लिटर पाणी त्यासाठीच असतं. वर नळ कुठे मिळेल याचा भरवसा धरायचा नाही. हळद, चुना, तंबाखू जखमेवर दाबू नये, घट्ट पट्टीही बांधू नये. तिथून सरळ महापालिकेचं रुग्णालय गाठायचं आणि रेबीजची लस घ्यायची. लशीचे डोस ठरलेल्या दिवशी पूर्ण करावे लागतात. कातडी फाटून रक्त आलं असेल तर जखमेतच वेगळं इंजेक्शन देतात, ते मागून घ्या. ‘माकडच आहे, कुत्रं थोडंच आहे’ म्हणून घरी जाणारे भेटतात, त्यांना हाताला धरून न्यावं लागतं.

उतरताना उरलेला फराळ, द्रोण, नारळाच्या शेंड्या सगळं डब्यात आणि पोत्यात भरून गेटबाहेर. उघड्या कचराकुंडीत टाकणं म्हणजे ताट वाढून ठेवणंच. झाकण घट्ट बसणारी कुंडी असेल तरच टाका आणि झाकण दाबून बघा. अंधार पडायच्या आत कळप उंच झाडांवर झोपायला चढतात, बिबट्याची भीती त्यांनाही आहे. तेव्हा फांद्यांवरून एकाएकी भुंकल्यासारखे आवाज उठले तर टोळकं विस्कटू न देता, मुलांना मध्ये घेऊन रस्त्याच्या मधून चालायचं. जखमी किंवा तारेत अडकलेलं माकड दिसलं तर स्वतः हात न लावता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर जागा नीट सांगायची: कोणता पूल, कोणतं वळण, गेटपासून साधारण किती अंतर.