कडेवरचं लेकरू आणि पाचवीचा वर्ग

मी वाळवा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. दिवाळीच्या सुमाराला साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं की गावाबाहेरच्या माळावर बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात आणि शाळाबाह्य मुलं शोधायचं काम आमच्याकडे येतं.

त्या दिवशी मुख्याध्यापक सर आणि मी कोप्यांच्या अड्ड्यावर पोचलो तेव्हा मोठी माणसं पहाटेच फडात गेलेली. एका कोपीपुढं दहाएक वर्षांची पोरगी, कडेवर दीड वर्षाचा भाऊ, चुलीवर भात.

"कितवीला गं?"

"गावाकडं पाचवीत."

पत्र्याच्या पेटीतून तिनं शिक्षण हमीपत्र काढून दिलं, म्हणजे स्थलांतरात दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून गावची शाळा देते तो कागद. घडीसुद्धा मोडली नव्हती. तिकडच्या गुरुजींनी त्यांचं काम चोख केलं होतं. सरांनी ऊसतोडीचा टनाला ३६६ रुपये दर सांगून दोन टनांचे किती विचारलं, तर भात ढवळता ढवळताच म्हणाली, "सातशे बत्तीस." पुस्तक दिलं तेव्हा मात्र अक्षर अक्षर जुळवत बसली.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा तिच्या बाजूनं आहे. वयानुसार वर्ग द्यायचा, मागं राहिलेल्याला विशेष प्रशिक्षण द्यायचं, दाखल्यासाठी प्रवेश अडवायचा नाही. (तरी 'आधी दाखला आणा' म्हणणारे अजून भेटतात.) मला वाटलं, उद्यापासून येईल.

संध्याकाळी पुन्हा गेलो. आई डोक्यावर वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा घेऊन आली, तो टाकून तिथंच टेकली.

"ताई, मुलीला शाळेत पाठवा. फी नाही, जेवणही तिथंच."

"पाठवते की. पण मंग ह्या लेकराला कुठं ठिवू, बाई? फडात नेऊ? उसात बिबट्या हाय म्हणत्यात."

बिबट्याचं खोटं नव्हतं, आमच्या भागात ऊसतोडीत बछडी सापडतात. अंगणवाडीतला वर्ग तीन वर्षांपासून पुढचा. त्याआधीच्यांना आहार मिळतो, दिवसभर सांभाळायला कुणी नाही. म्हणजे पोरीसाठी कायदा होता, पण भावासाठी जागा नव्हती, आणि तो तिच्याच कडेवर होता.

"त्यालाही घेऊन येऊ दे," मी बोलून गेले. सरांनी माझ्याकडे पाहिलं, पण नाही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाक उरकून ती उशिराच आली. पोरगं दुसऱ्या तासाला रडायला लागलं, वर्गानं त्याला आळीपाळीनं घेतलं आणि अभ्यास कमी, दंगाच जास्त झाला. त्या आठवड्यात अड्ड्यावरच्या आणखी दोघी आल्या, त्याही एकेक लेकरू घेऊनच. सर म्हणाले, "बाई, आता पाळणाघराची पाटीच लावा."

पाळणाघरासाठी ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय. सरपंच म्हणतात, मासिक सभेत ठराव घेऊ. ठराव होऊन खोली मिळेपर्यंत कारखाना बंद व्हायची वेळ येईल. तोवर शेजारच्या अंगणवाडीतल्या मदतनीस ताई दुपारी तासभर लेकरं बघतात, तेवढ्यात मी या तिघींचं वाचन घेते.