मौन की अबोला?

आठ दिवसांपूर्वी रविवारी सकाळी सासूबाईंनी नणंदेला फोन लावला आणि हळू आवाजात (म्हणजे त्यांच्या हळू आवाजात, जो खालच्या मजल्यापर्यंत जातो) विचारलं, "अगं, हिचं काय बिनसलंय गं, उठल्यापासून एक शब्द नाही, घरात तर कोणी काही बोललं नाही तिला." मी गॅलरीत झोपाळ्यावर बसून सगळं ऐकतेय, हसू दाबतेय, आणि उत्तर देता येत नाहीये कारण बारा वाजेपर्यंत माझं मौन.

चूक माझीच, घरात आधी सांगायला हवं होतं. आपल्याकडे बाई गप्प बसली की तो अबोला असतो आणि पुरुष गप्प बसला की तो विचार करत असतो, असो.

झालं असं की दिवाळीनंतर मला रात्री मधेच जाग यायची आणि छातीत नुसती धडधड. ईसीजी नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल, डॉक्टर म्हणाले टेन्शन कमी करा. जसं काही ते गॅसवरचं दूध आहे, फ्लेम बारीक केली की झालं! माझं काम जीएसटी रिटर्नचं, ११ तारीख संपली की २० तारीख उभीच, त्यात क्लायंट लोक १९ला रात्री साडेनऊला व्हॉट्सॲपवर बिलांचे फोटो पाठवणार, तेही आडवे. म्हणून ठरवलं रविवारी अर्धा दिवस बोलायचं नाही, फोन कपाटात.

पहिल्या रविवारी तोंड बंद केलं तर डोक्यात भर बाजाराच्या दिवशीची बडोद्याची मांडवी, नुसता कलकलाट. २०११ साली कोणीतरी लग्नात काय बोललं होतं ते आठवलं, त्याला आत्ता उत्तरसुद्धा सुचलं, चांगलं खणखणीत. तासाभरात आधीपेक्षा जास्त चिडले. म्हणजे हा पण अबोलाच झाला की, फक्त रुसायला समोर कोणी नव्हतं.

मग योगवर्गाच्या ताईंनी एकच सांगितलं, मनाच्या मागे लागू नकोस, आधी श्वास सोडायला शीक. चार आकड्यांत घ्यायचा, सहा-सात आकड्यांत सोडायचा, रोखायचा बिलकुल नाही. आणि मनगटावर बोटं ठेवून नाडी बघ म्हणाल्या. बघितली, तर खरंच, श्वास घेताना ठोके जरा पळतात आणि सोडताना मंदावतात. ही व्हेगस नर्व्हची करामत, ती मेंदूकडून हृदयाकडे जाते आणि श्वास सोडताना तिचा लगाम जरा ओढला जातो. मला हे फार आवडलं, कारण मनाला शांत हो म्हटलं तर ते ऐकत नाही पण बोटाखाली काहीतरी हळू होतंय हे कळतं. त्याच वेळी अजून एक शोध लागला, माझे दात कायम एकमेकांवर घट्ट आवळलेले असतात. आता श्वास सोडताना जबडा सैल, मग खांदे, मग पोट. बस एवढंच, दहा मिनिटं.

गंमत म्हणजे योगाचे प्रयोग आणि मनाचं मौन, हे सगळं आपल्या बडोद्यातच घडलेलं आहे आणि मी दांडिया बाजारातून रोज स्कूटी काढते तरी कधी विचार केला नव्हता. कैवल्यधाम या योगसंस्थेचे स्वामी कुवलयानंद, म्हणजे मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, डभोईला १८८३ साली जन्मलेले, इथल्या जुम्मादादा व्यायाममंदिरात व्यायामगुरू माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले, आणि १९२४ मध्ये लोणावळ्याला आश्रम काढायच्या आधी उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रियांचे प्रयोग त्यांनी बडोद्याच्याच हॉस्पिटलमध्ये करून बघितले होते.

आणि अरविंद बाबू, म्हणजे योगी अरविंद घोष! तेरा वर्षं इथे नोकरी केली, पण मन निःशब्द झालं ते नंतर, जानेवारी १९०८ मध्ये इथे परत आले तेव्हा. सुरतची काँग्रेस नुकतीच फुटलेली, शहरभर लोक भेटायला धावतायत आणि हे विष्णु भास्कर लेले नावाच्या आपल्या मराठी योग्याबरोबर सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या खोलीत तीन दिवस बसले. लेल्यांनी सांगितलेलं साधारण असं, की विचार तुझे नाहीत, बाहेरून येतात, आत शिरायच्या आधी परत पाठव. तीन दिवसांत मन रिकामं. नंतर मुंबईत भाषण होतं तर डोक्यात एक शब्द नाही, लेले म्हणाले सभेला नमस्कार कर आणि थांब, बोलणं आपोआप येईल. आलं.

माझे विचार काही तीन दिवसांत गेले नाहीत, सांगून ठेवते. चार महिने झाले, लग्नातला तो टोमणा अजून येतो. फक्त आता तो दारात दिसतो, सोफ्यावर येऊन बसत नाही. धडधड कमी आहे, १९ तारखेला होतेच. आणि डोळे मिटल्यावर ज्यांना जास्त घाबरायला होतं त्यांनी उघडे ठेवा, मी पण सुरुवातीला कुंडीतल्या तुळशीकडे बघत बसायचे.

त्या फोननंतर सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं. काल रविवार, त्या स्वतःहून झोपाळ्यावर शेजारी येऊन बसल्या, पदर सावरून, डोळे मिटून, हाताची घडी. मी घड्याळ बघितलं, अकरा मिनिटं. मग एक डोळा उघडून म्हणाल्या, "आमटीत गूळ घातलास का?" मी मानेनेच नाही म्हटलं.