तांबडी सुर्लाला पायी

महाशिवरात्रीला गोव्यातल्या मंगेशीहून निघून तांबडी सुर्लाच्या महादेवाला चालत जायचं असं ठरलं होतं. म्हार्दोळला म्हाळसेला बाहेरूनच हात जोडले, फोंडा मागे पडलं. तिस्क उसगावच्या पुढे नुसती ट्रकची धूळ आणि ऊन, त्यात आमच्यातले एक काका सारखी मोबाईलवर मोठ्यानं भजनं लावायचे, टाळ गळ्यात असताना मोबाईल कशाला, मला भयंकर राग यायचा, आणि तेवढ्यात कोणीतरी गजर उचलला की मीही टाळ्या वाजवत पुढे. रात्री धारबांदोड्याला मुक्काम.

मोलेच्या पुढे आत वळल्यावर झाडी लागली, पण बोळकर्णेपाशी टाचेचा फोड फुटला आणि पाऊल टाकवेना. रस्त्याकडेच्या घरातल्या आजींनी बघितलं नि "बस गे बाय हांगा" म्हणून ओट्यावर बसवलंच. कोमट पाण्यानं पाय धुतला, मी नको नको म्हणते तर ऐकायलाच तयार नाहीत, वयानं माझ्या आईपेक्षा मोठी बाई माझे पाय धुते म्हणजे मला कसंतरीच झालं. मग खोबरेल लावून जुन्या लुगड्याचं मऊ फडकं बांधलं, कोकम सरबत दिलं. निघताना म्हणाल्या, केळी पिशवीत वर ठेवू नकोस, माकडं ओढतात, आणि त्यांना बिस्कीट घालू नकोस, ती मग आमच्या माडा-केळीवर येतात. नाव विचारायचं राहिलं.

देऊळ दिसलं आणि मला रडूच आलं. कदंब राजांच्या काळातलं, 12व्या-13व्या शतकातलं, काळ्या बेसाल्टचं, चुन्याशिवाय दगडात दगड बसवलेला. हा दगड घाटावरून आणला असं मानतात. इतक्या आत जंगलात होतं म्हणून पोर्तुगीजांच्या काळात वाचलं. मंडपात डोकं नसलेला नंदी आहे, त्याच्या पाठीवर हात ठेवला तर दगड गार, छताला कोरलेलं कमळ बघत किती वेळ उभी होते कोण जाणे.

बाहेर आले तर कडेच्या झाडांवर माकडं, एक पिल्लू आईच्या पोटाला धरून, मोठा नर शांत बसून आमच्याकडे बघतोय. आपण वर्षातून एकदा येतो, ती बारा महिने महादेवाच्या शेजारी राहतात, मला तर तीच खरी इथली वाटली. आणि लोक काय करतात तर बिस्किटाचे पुडे फोडून फेकतात! पिल्लू प्लास्टिकचा कागद चाटत होतं. मी दोघातिघांना सांगितलं, एक बाई म्हणाल्या पुण्य लागतं. जंगलात उंबर, फणस, काय नाही त्यांना? मैद्याच्या बिस्किटानं कसलं पुण्य, एक तर ती आजारी पडणार नाहीतर माणसाच्या हातावर झडप घालायला शिकणार, आणि मग त्रास त्या आजींना.

घुमट या मातीच्या वाद्यावर आरती सुरू झाली. बघते तर मोबाईलवाले काका रिकामी पिशवी घेऊन कागद उचलतायत, कोणाला काही न बोलता. मीही लागले. फडक्यामुळे वाकायला जड जात होतं, पण आरती संपायच्या आत खाली नदीच्या पायऱ्यांपर्यंतचं सगळं गोळा झालं.