वर्गणी, वर्गमूळ आणि माझं कन्व्हर्टर

जुन्या फॉन्टातला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारं एक छोटं कन्व्हर्टर मी काही वर्षं फुकट चालवतोय. श्रीलिपीत टाइप केलेले दिवाळी अंक, कुणाच्या वडिलांचं आत्मचरित्र, शाळांच्या स्मरणिका असं काय काय त्यातून जातं. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. रफाराचं नेमकं उलटं. ही अदलाबदल बिनचूक करणं एवढंच त्याचं काम. सर्व्हरचं भाडं माझ्या खिशातून. वापरणारे पुष्कळ, पैसे देणारं कुणी नाही, आणि त्यात त्यांची चूकही नाही. कोपऱ्यावरच्या दिव्याचं बिल कोण विचारतो?

2023 मध्ये एका मित्राने क्वाड्रॅटिक फंडिंगच्या एका फेरीची लिंक पाठवली. म्हणाला, “अर्ज कर. पण इथे पैसे गोळा करायचे नाहीत, माणसं गोळा करायची.”

ही कल्पना विटालिक बुटेरिन, झोई हिट्झिग आणि ग्लेन वाइल यांनी 2018 मध्ये मांडली, आणि गिटकॉइन या निधी जमवणाऱ्या मंचाने 2019 पासून ती ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रकल्पांसाठी वापरली. मी अर्ज केलेली फेरी दुसऱ्या एका मंचाची होती, पद्धत तीच. मोठ्या देणगीदारांनी आधीच एक मोठी रक्कम बाजूला ठेवलेली असते. तिची वाटणी कुठलीही समिती करत नाही, गणित करतं: प्रत्येक देणगीचं वर्गमूळ काढायचं, सगळी वर्गमुळं मिळवायची आणि बेरजेचा वर्ग करायचा. एकाच माणसाने 100 रुपये दिले तर उत्तर 100, म्हणजे वरून काहीच नाही. चौघांनी 25-25 दिले तर पाच चोक वीस, विसाचा वर्ग 400. शंभर जणांनी एकेक रुपया दिला तर 10,000! अर्थात मोठी रक्कम मर्यादित असल्याने हे आकडे त्या प्रमाणात कापले जातात. तरी मुद्दा कळला. गणपतीच्या वर्गणीत हजाराची पावती फाडणाऱ्या शेठचं नाव फलकावर वर असतं. इथे दहा रुपयेवाली शंभर घरं शेठला मागे टाकतात. मला हे फारच आवडलं.

अर्ज एका रात्रीत झाला. खरी वाट पुढे होती. माझी माणसं म्हणजे डीटीपी ऑपरेटर, मुद्रितशोधक, निवृत्त शिक्षक. देणगी मात्र क्रिप्टोत. म्हणजे आधी एक्स्चेंजवर खातं, मग पॅन-आधार, मग वॉलेट (क्रिप्टोचं पाकीट), मग ते हरवलं तर परत मिळवायचे बारा इंग्रजी शब्द कागदावर उतरवून कपाटात ठेवणं, आणि वर ‘आपण खरा एकच माणूस आहोत’ हे सिद्ध करायला आपली दोन-चार ऑनलाइन खाती जोडून गुण मिळवणं. एक काका फोनवर म्हणाले, “अरे, शंभर रुपये जीपे करतो की! एवढं कशाला?” काय सांगणार? त्यांच्या शंभराची किंमत त्या गणितात सगळ्यात जास्त होती, पण त्यांना आत यायला दारच नव्हतं.

मग मी एक शहाणपणा केला. रविवारी नऊ जणांना घरी बोलावलं, बायकोने पोहे केले, आणि माझ्या लॅपटॉपवर एकेकाचं वॉलेट उघडून दिलं. व्यवहार नोंदवायला जी फी लागते, तिला गॅस म्हणतात. (“सिलिंडर कुठाय?” हा विनोद तीनदा झाला.) तो सगळ्यांना माझ्याच वॉलेटमधून पाठवला. देणगीचा डॉलर ज्याने त्याने स्वतःचा दिला.

फेरी संपली तेव्हा पडद्यावर 43 देणगीदार आणि 912 डॉलरचा अंदाज दिसत होता. हातात आले 540. एका माणसाने दहा खाती काढून दहा माणसं असल्याचं भासवणं हा या पद्धतीवरचा सर्वात सोपा हल्ला. तो पकडायला मंचवाले पैशांचा माग काढतात, आणि एकाच वॉलेटमधून गॅस मिळालेली, एकाच दुपारी जन्मलेली नऊ खाती म्हणजे पकडलेला चोरच. नऊही माणसं खरी होती, पोहे खाऊन गेली होती. पण ब्लॉकचेनवर, म्हणजे व्यवहारांच्या त्या जाहीर वहीत, पोह्यांची नोंद नसते. दोष द्यायचा तर माझ्या घाईलाच.

पुढे सीए मॅडमनी चष्म्यावरून पाहत विचारलं, “हे बक्षीस, देणगी की उत्पन्न?” शेवटी उत्पन्नात दाखवलं. रुपये करून घेताना एक टक्का टीडीएस कापला गेला. दीड-दोन वर्षांचं सर्व्हरभाडं सुटलं, हे खरं.

या सगळ्यातलं वर्गाचं गणित मात्र डोक्यात राहिलं. पुढची सुधारणा कोणती करावी, हे ठरवायला मी ते कागदावर वापरलं. पुन्हा रविवार, अकरा माणसं, प्रत्येकाला 25 गुण. एका मताला 1 गुण, दोन मतांना 4, तीनला 9, पाच मतं हवी असतील तर सगळे 25. माझा जीव मोबाइल ॲपवर होता, आणि साधे हात वर करायला सांगितले असते तर ॲपच सात विरुद्ध चारने जिंकलं असतं. पण सातांनी आपले गुण ॲप, रंगसंगती, पीडीएफ असे वाटून टाकले; ॲपला मतं पडली 17. चार मुद्रितशोधकांनी मात्र आपले सगळे गुण एकाच ओळीवर लावले. चार पंचे वीस.

ती ओळ होती: ‘ऱ्या आणि ऱ्ह दुरुस्त करा.’

माझं कन्व्हर्टर इतकी वर्षं ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ करत होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. ॲप राहिलंय. अर्धा र मागच्या महिन्यात नीट झाला.